थंड डब्यातला बटाटा: सदाशिव पेठेतल्या एका खोलीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

मी एका तंत्रनिकेतनात बरीच वर्षं अन्न आणि पोषण हा विषय शिकवला. निवृत्तीनंतर पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहते. २०२३ च्या जानेवारीत आमच्या दुसऱ्या मजल्यावर तीन मुली राहायला आल्या. तिघी स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या. त्यांची नावं इथे देत नाही. जिन्यात आम्ही एकमेकींना जशा हाका मारायचो तशाच लिहिते: लातूरकर, सांगलीकर आणि जळगावकर. मी अर्थातच काकू.

पेठेत राहून परीक्षा देणाऱ्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी जेवण, रात्री दहाच्या पुढे खोलीवर. तिघींची मेस दोन वेळची होती, महिन्याला ३,२०० रुपये. एका वेळची केली तर १,८००. म्हणजे दुपारच्या जेवणाचे १,४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर ताटाला साधारण ५४ रुपये. घरून येणारे पैसे मोजके. लातूरकरच्या वडिलांची शेती कोरडवाहू, आणि तिची बहीण त्याच वर्षी नर्सिंगला गेलेली. दुपारची मेस बंद करून डबा न्यायचा, असं तिघींनी ठरवलं.

खोलीत एक इंडक्शन शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक कढई. फ्रीज नाही. अभ्यासिकेत डबा गरम करायची सोय नाही, जेवायचं गच्चीच्या जिन्यावर. त्यामुळे जे न्यायचं ते थंडच खायचं. भाजी म्हणून बटाटा ठरला. किलोला २५ रुपये, निवडायला काही नाही, तिघींना चालतो आणि आठवडाभर पिशवीत पडून राहिला तरी तक्रार करत नाही. पोळ्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून, एक पोळी आठ रुपयांना.

## अडचण

पहिल्या पंधरवड्यातच डबे अर्धे परत यायला लागले. हे मला कसं कळलं, तर ओल्या कचऱ्याची बादली जिन्याखाली असते आणि तिच्यात रोज पिवळ्या फोडी दिसायच्या. एकदा मी सांगलीकरला थांबवून विचारलं, "अगं, रोज बटाटा टाकता की काय?"

"काकू, करताना छान लागतो हो. दुपारी घशाखाली उतरत नाही. तोठरा बसतो."

मग रविवारी तिघी खाली आल्या आणि आम्ही नीट बोललो. तक्रारी चार होत्या. भाजी कोरडी, पिठूळ होते. चव मिळमिळीत लागते, मीठच नाही असं वाटतं. पोळ्या भाजीच्या बाजूने ओल्या होतात. आणि जिभेवर एक मेणचट थर बसतो.

शेवटच्या तक्रारीचं कारण लगेच सापडलं. सांगलीकरच्या घरून तुपाची बरणी आली होती आणि फोडणी तुपाची होत होती. तूप जानेवारीच्या हवेत थिजतं. गरम भाताला ते सोनं, थंड भाजीला मेण. शेंगदाणा तेल त्या तापमानाला पातळच राहतं. बरणी पोळीसाठी ठेवली, फोडणी तेलाची सुरू केली, एक प्रश्न मिटला.

कोरडेपणाचं मूळ स्टार्चमध्ये आहे. बटाटा शिजताना साठेक अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून गरम बटाटा मऊ, लोण्यासारखा लागतो. तोच निवायला लागला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रांगा धरतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. पाणी डब्याच्या तळाशी दिसतं आणि फोड मात्र कोरडी लागते. शिळ्या पोळीचं, कालच्या भाताचं हेच होतं. यात खराब झालेलं काही नसतं. पुन्हा चांगलं गरम केलं की बराचसा मऊपणा परत येतो, पण यांच्याकडे गरम करायची सोयच नव्हती.

मिळमिळीतपणाचंही कारण साधं आहे. थंड पदार्थाचा वास कमी येतो आणि चव बोथट वाटते. गरम असताना बरोबर वाटलेलं मीठ दुपारी कमीच पडणार.

इथे मी एक चूक केली. तिचा परिणाम पुढे दिसला, पण चूक झाली ती याच बैठकीत. भाजीत काय काय घालता, किती घालता, तेल कोणतं, सगळं विचारलं. करता कधी, हे विचारलं नाही. सकाळी करत असतील असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात त्या रात्री साडेदहाला भाजी करत होत्या, गरमच डब्यात भरत होत्या आणि झाकण लावून खिडकीत ठेवत होत्या. जेवायच्या दुपारी दीडला. म्हणजे पंधरा तास.

## चव सुधारण्याचे तीन आठवडे

फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे आम्ही फक्त चवीवर घालवले. त्यातून शिकलेलं पुढे कामी आलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट बटाट्याची निवड. जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात दोन्ही असतात, शीतगृहातला जुना आणि शेतातून आलेला नवा. नव्याची साल अंगठ्याने चोळली तरी सुटते, तो शिजला तरी फोड मोडत नाही आणि थंड झाल्यावरही त्यात ओल राहते. जुना पिठूळ, गरम खायला छान, थंड झाला की घशात अडकणारा. शिवाय शीतगृहातून नुकता निघालेला बटाटा गोड लागतो, कारण थंडीत त्याच्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते. जळगावकर म्हणाली, "तरीच. मला वाटलं हिने साखर घातली." थंड खायच्या भाजीला नवा, थालीपीठ-पराठ्याला जुना, असं आम्ही ठरवलं. महात्मा फुले मंडईत नवा-जुना वेगळा मागितला तर मिळतो, गल्लीतल्या टपरीवर मिळेल ते घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, मीठ आणि लिंबू कधी घालायचं. फोडी गरम असताना त्यांच्यात मुरतं ते थंडपणीही लागतं. निवल्यावर वरून पिळलेलं लिंबू वरच राहतं. म्हणून कढई उतरवल्यावर लगेच, वाफ निघत असताना लिंबू आणि मीठ, नेहमीपेक्षा थोडं चढं. मात्र बटाटा पूर्ण शिजल्यावरच. आधी आंबट पडलं तर बटाटा शिजत नाही, टणक राहतो, हे आमसूल घालणाऱ्या कोकणी बायका आपल्याला कधीपासून सांगत आल्यात.

तिसरी गोष्ट दाण्याचा कूट. उपवासाची बटाट्याची भाजी थंड का बरी लागते याचा मी स्वयंपाकघरात कधी विचारच केला नव्हता. जिरं, मिरची, कूट, लिंबू, चिमूटभर साखर. बटाट्यातून सुटलेलं पाणी कूट धरून ठेवतो, आणि त्याचं तेल फोडींना लपेटतं, त्यामुळे घास घसरतो. बिनउपवासाचा उपवास सुरू झाला, असं म्हणून तिघी हसल्या, पण डबे रिकामे यायला लागले.

काचऱ्यांनीही चांगली साथ दिली. सालासकट पातळ चकत्या, मोहरी, हिंग, हळद, तिखट, पाणी अजिबात नाही, अर्धवट झाकण. पातळ असल्यामुळे प्रत्येक चकतीला तेल लागतं आणि मधला पिठूळ भाग राहतच नाही. लांबच्या प्रवासाच्या डब्यात काचऱ्या का असायच्या ते यातून कळतं.

फसलेल्या गोष्टींची यादीही लांब आहे. बटाटेपोहे दुपारपर्यंत रबर होतात. वड्याचं आवरण ओलं होतं. रश्शात बटाटा मऊ राहतो हे खरं, पण डबा पिशवीत आडवा झाला आणि सांगलीकरच्या राज्यशास्त्राच्या वहीला कायमचा तेलाचा डाग पडला.

त्या तीन आठवड्यांत मी स्वतःवर खूश होते. मुली जेवत होत्या, बादलीत फोडी नव्हत्या.

## मार्चमधला दिवस

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावकरला बदल म्हणून कांदा आणि ओलं खोबरं घालून भाजी करावीशी वाटली. रात्री अकराच्या सुमाराला झाली. उकाडा सुरू झाला होता. भाजी वाफाळतीच डब्यांत गेली, झाकणं लागली.

दुपारी दीडला तिघी जेवायला बसल्या. भाजीला किंचित आंबूस वास होता, हे नंतर दोघींनी सांगितलं. "पण काकू, थंड भाजीला रोज कसलातरी वास असतोच. आम्हाला वाटलं, रोजचंच." लातूरकरला खोबरं आवडत नाही, तिने दोन घास घेऊन चटणी-पोळी खाल्ली. बाकी दोघींनी डबा संपवला. साडेचारच्या आत दोघींना उलट्या सुरू झाल्या. अभ्यासिकेतल्या एका मुलाने रिक्षा करून दिली. रात्री डॉक्टर, मीठ-साखरेचं पाणी, दुसऱ्या दिवशी भाताची पेज. दोन दिवसांनी दोघी उभ्या राहिल्या, पण त्या रविवारची सराव परीक्षा गेली.

भाजीची तपासणी झालेली नाही, त्यामुळे नेमका कोणता जंतू हे कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. पण खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या, ताप नाही, आणि शिजवलेला स्टार्चचा पदार्थ तासन् तास कोमट राहिलेला, हे वर्णन वर्गात बॅसिलस सेरियस शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. हा जंतू मातीतला. त्याचे बीजाणू उकळीतही तग धरतात. भाजी निवायला लागली की ते जागे होतात आणि वाढताना विष सोडतात. हे विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. बटाटा तर मातीतूनच येतो.

अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जितका वेळ राहील तितका धोका. झाकण लावलेला गरम डबा म्हणजे या पट्ट्यात रात्रभर मुक्काम करायची उत्तम सोय. कांदा आणि ओलं खोबरं घातलेली भाजी लवकर विटते हे आपल्या आजीलाही माहीत होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी विचारलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. बेचव होणं आणि विटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणंही वेगळी. रोजची भाजी कोरडी, मिळमिळीत, थोडी विचित्र लागते याची जीभ एकदा सवय करून घेते. मग ज्या दिवशी ती खरंच विटते त्या दिवशी जीभ इशारा देते आणि आपण तो ऐकत नाही. त्यात भर म्हणजे लिंबू आणि चढं मीठ. चव सुधारायला मीच सांगितलेला आंबटपणा आंबूस वासाला झाकू शकतो.

## समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मी कागद घेतला आणि पहिला प्रश्न वेळेचा विचारला.

मेस पुन्हा सुरू करायची, हा सर्वांत सुरक्षित पर्याय. जळगावकर त्या बाजूची होती, आणि आजारी पडलेल्या माणसाचं मत मी हलकं मानत नाही. पण तिघींचे मिळून महिन्याचे ४,२०० रुपये पुन्हा जाणार होते. लातूरकर गप्प बसून राहिली, म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला गेला.

सगळं सकाळी करायचं हा दुसरा. सहाला पाणी येतं, पावणेसातला निघायचं, त्यात तिघींच्या आंघोळी आणि एकच शेगडी. कुकर लागणं, वाफ जिरणं, सोलणं, चिरणं यात अर्धा तास जातो. दोन दिवस करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी वाफ जिरायच्या आत झाकण काढायची घाई झाली आणि मीच त्यांना थांबवलं.

बटाटे रात्री सालासकट उकडून तसेच खोलीत ठेवायचे आणि सकाळी फोडणी द्यायची, हा तिसरा. खेड्यात हे सर्रास होतं. थंडीत चालून जातं म्हणणारे भेटतील. मार्चच्या पुण्यात, बंद खोलीत, नुकत्याच दोघी आजारी पडलेल्या असताना मी नाही म्हटलं. कच्चे चिरून पाण्यात ठेवले तर उन्हाळ्यात ते पाणीही सकाळपर्यंत फेसाळतं.

चौथा पर्याय माझा फ्रीज. खरं तर मी तो जानेवारीतच सुचवला होता. "कशाला काकू, तुम्हाला रोज त्रास" असं म्हणून तिघींनी टाळलं होतं आणि मीही दुसऱ्यांदा म्हटलं नव्हतं. या खेपेला लातूरकर म्हणाली, "विजेचे शंभर रुपये घेणार असाल तर ठेवतो." मला ते पैसे नको होते. पण ते घेतले नाहीत तर बटाटे येणार नाहीत हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घेतले.

फ्रीजला तांत्रिक आक्षेपही होता आणि तो मीच काढला. स्टार्चच्या रांगा सर्वांत जलद लागतात त्या फ्रीजच्याच तापमानाला, म्हणजे बटाटा आणखी कोरडा होणार. यावर उत्तर असं निघालं की फ्रीजमध्ये तयार भाजी ठेवायचीच नाही, नुसते उकडलेले बटाटे ठेवायचे. सकाळी फोडणीत ते चांगले वाफाळेपर्यंत परतले की मऊपणा बराच परत येतो, आणि निवायला लागतात ते तिथून पुढे. फायदा एक जास्तीचा: फ्रीजमधला थंड बटाटा सुरीला चिकटत नाही, फोडी सुबक पडतात, आणि किसला तर थालीपीठाच्या पिठात गुठळ्या होत नाहीत.

## काय केलं

रविवारी आणि बुधवारी रात्री सव्वा-दीड किलो बटाटे सालासकट कुकरला लावायचे. वाफ जिरली की परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचे, तासाभरात, फार तर दीड तासात फ्रीजमध्ये. सोलायचे नाहीत, चिरायचे नाहीत. सुरी लागली की हात लागतो आणि ओला भाग उघडा पडतो. तीन दिवसांच्या पुढे एकही बटाटा ठेवायचा नाही. बुधवारी उरलेले दिसले तर ते माझ्या घरी संपायचे, त्यामुळे त्या काळात मीही बराच बटाटा खाल्ला.

सकाळी सहाला मी दूध घ्यायला दार उघडते. त्याच वेळी ज्या मुलीची पाळी असेल ती वाटी घेऊन उभी असायची. घंटी वाजवायची नाही हे आपोआप ठरलं. सव्वासहापर्यंत भाजी तयार, मग ती ताटात पसरून ठेवायची, आंघोळी उरकेपर्यंत वाफ निघून जाते, आणि मगच डबा भरायचा. ओल्या पोळ्यांची तक्रार याने संपली, कारण पोळ्या भाजीने ओल्या होत नव्हत्या, झाकणाखाली जमलेल्या वाफेने होत होत्या. आदल्या रात्रीच्या कामात फक्त कोरड्या गोष्टी उरल्या: कूट करून ठेवणं, मिरच्या निवडून ठेवणं, डबे पुसून पालथे घालणं.

कांदा आणि ओलं खोबरं डब्याच्या भाजीतून गेले. आठवड्यात दोन दिवस कुटाची भाजी, एक दिवस काचऱ्या, तीन दिवस थालीपीठ. काचऱ्या कच्च्या बटाट्याच्या, म्हणून त्या दिवशी फ्रीजला सुट्टी.

थालीपीठ लातूरकरने आणलं. तिच्या घरी धपाटे ज्वारीच्या पिठाचे, त्यात कधी काकडी, कधी भोपळा. तिने उकडलेला बटाटा किसून घातला. ज्वारी एकटी असली की दुपारपर्यंत कडक होते, बटाटा मात्र तिला धरून ठेवतो आणि थंड थालीपीठ दुमडलं तरी तुटत नाही. प्रमाण तिच्या हाताचं: तीन वाट्या पिठाला किसलेला बटाटा दीड वाटी, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, मीठ. पाणी अगदी बेताने, कारण बटाट्याची ओल असतेच. भाजून झाल्यावर एकावर एक रचायची नाहीत, जाळीवर निवू द्यायची.

थालीपीठाचा खरा फायदा मात्र हिशेबात दिसला. तोपर्यंत आम्ही सगळे बटाट्याचा भाव बघत होतो. मी आठवड्याचा खर्च लिहून काढला तेव्हा कळलं की १८ डब्यांना बटाटे लागतात २.७ किलो, म्हणजे ६८ रुपयांचे. तेल ७०, दाणे ३५, लिंबू-मिरची-कोथिंबीर ४०. आणि पोळ्या, डब्याला तीन याप्रमाणे, ४३२ रुपयांच्या! बटाट्याच्या सहापट. एकूण ६४५, डब्याला ३६ रुपये. तीन दिवस थालीपीठ केल्यावर पोळ्या निम्म्या झाल्या, ज्वारीचं पीठ ५५ रुपयांचं वाढलं, तेल ८५ वर गेलं, आणि एकूण आकडा ४९९ वर आला. डब्याला २८ रुपयांच्या आत. स्वस्त डबा म्हणजे स्वस्त भाजी असं आपण धरून चालतो. या खोलीत पैसे पोळीत जात होते.

## एप्रिल

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकला आणि नवा प्रश्न आला. सकाळी सव्वासहाची भाजी दुपारी दीडला खायची म्हणजे सात तास. शिजवलेलं अन्न बाहेर ठेवायचा पुस्तकातला नियम दोन तासांचा आहे, ३२ अंशांच्या वर एकच तास. महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक डबा हा नियम मोडतो. मीही नोकरीभर मोडला. तरीही सात तास आणि पंधरा तास यांत फरक केवढा, हे मी मुलींना दुपटीच्या हिशेबाने सांगितलं. अनुकूल उबेत जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं नुसतं धरा. सात तासांत चौदा वेळा दुप्पट, एकाचे सोळा हजार. पंधरा तासांत तीस वेळा, एकाचे शंभर कोटींच्या वर. प्रत्यक्षात वाढ अशी सरळ चालत नाही, पण सांगलीकरने आकडेमोड वहीत करून पाहिली आणि डबा बाजूला सरकवला.

मग उपाय तिनेच काढला, आणि तो मला सुचला नव्हता. "काकू, डबा लवकर करता येत नाही तर जेवण लवकर करू." दीडचं जेवण साडेअकराला आणलं. चारच्या भुकेला फुटाणे, चिवडा, एखादं केळं, उन्हात न विटणारं असं काहीतरी. दोन तास वाचले, एक रुपया न घालवता. अभ्यासिकेत डबे ज्या फळीवर ठेवत ती पत्र्याच्या छपराखाली होती. तिथून ते वाचनाच्या खोलीत, पंख्याखाली आपापल्या पायाशी आले.

सांगलीकरचा आवडता दही-बटाटा याच काळात सुरू झाला, कारण जेवणाच्या वेळेला समोरच्या डेअरीतून थंड दही आणता येत होतं. डब्यात नुसत्या फोडी, मीठ, मोहरी-मिरचीची कोरडी फोडणी. दही तिथेच कालवायचं. थंड खायलाच जन्मलेला पदार्थ आहे हा. कोरड्या फोडीची तक्रार दह्यात बुडून जाते.

एक अडचण मध्येच उपटली. बटाटे आणि कांदे एकाच जाळीच्या पिशवीत खिडकीला टांगलेले होते. बटाट्यांना कोंब फुटले, काही हिरवे पडले. हिरव्या भागात सोलॅनिन नावाचं विष वाढतं आणि शिजवून ते जात नाही. मी तीन-चार बटाटे फेकायला लावले. लातूरकरला ते फार लागलं. बटाटे मग पलंगाखाली, कागदाच्या पिशवीत अंधारात गेले आणि कांदे वेगळे.

## काय झालं

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत डब्यामुळे कुणी आजारी पडलं नाही. एवढ्याशा काळावरून आणि तीन माणसांवरून पद्धत सिद्ध होत नाही हे मला कळतं. मेसच्या तुलनेत ताटामागे २६ रुपये वाचले, तिघींचे मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास. जळगावकरने मात्र मे महिन्यात दुपारची मेस पुन्हा लावली. तिला बटाट्याचा वाससुद्धा नको झाला होता. आजारपणाआधीही आठवड्यात सहा दिवस बटाटा हा तिचा नाइलाजच होता आणि ते ती सुरुवातीपासून म्हणत होती. आम्ही ते काटकसरीच्या गडबडीत ऐकलं नाही. पोषणाच्या बाजूनेही तिचं बरोबर होतं. बटाटा आणि पोळी यांत डाळ कुठेच नाही. कूट आणि दही थोडी भर घालतात, पण मी शिक्षिका म्हणून आठवड्यातले निदान दोन दिवस मोडाची मटकी किंवा डाळीची कोरडी चटणी आग्रहाने बसवायला हवी होती.

## वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीतला तो एक प्रश्न, भाजी करता कधी, विचारला असता तर मार्चमधला दिवस टळला असता असं मला वाटतं. चवीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी आता आधी घड्याळ विचारते. भाजी कधी उतरली, झाकण कधी लागलं, तोंडात कधी गेली. मसाला नंतर.

फ्रीजचा प्रस्ताव मी उपकारासारखा मांडला होता. "ठेवा हो माझ्याकडे" याला संकोचणारी मुलगी नाहीच म्हणणार. शंभर रुपये आणि ठरलेला कप्पा, असं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर दोन महिने वाचले असते.

आंबट-खारट वाढवण्याचा सल्ला मी आजही देईन, पण सकाळच्या भाजीसाठी. रात्रीच्या भाजीला तो देणं चूक होतं.

पराठ्यांचा प्रयोग आम्ही अर्धवट सोडला. दोनदा केले, दोन्हीदा सारणाची ओल बाहेर आली. सारण आदल्या दिवशीच्या फ्रीजमधल्या बटाट्याचं, कोरडं परतून घेतलेलं असतं तर बहुधा जमलं असतं. परीक्षा तोंडावर आली आणि राहून गेलं.

जूनमध्ये खोली रिकामी झाली. लातूरकर जाताना फ्रीजच्या दाराला एक चिठ्ठी चिकटवून गेली: रविवार, बुधवार, तीन दिवस, कांदा नाही. नव्या मुली आल्या तेव्हा त्यांतल्या एकीने ती वाचली आणि विचारलं, "काकू, हे कसलं व्रत?" मी तिला आत बोलावलं आणि तिच्या खोलीत भाजी किती वाजता होते ते विचारलं.